कर्जविभागाचं डेटाबेसचं काम: बँकेत, आयटी कंपनीत की एनबीएफसीत?

तुम्हाला एसक्यूएल नीट येतं, स्टोअर्ड प्रोसिजर लिहिण्यात दोन-चार वर्षं गेली आहेत, आणि आता बँकिंगमधलं, त्यातही कर्जविभागाचं काम समोर आलं आहे. हे काम तीन ठिकाणी बसून करता येतं: बँकेच्या स्वतःच्या नोकरीत, बँक जिची गिऱ्हाईक आहे अशा आयटी कंपनीत, किंवा बिगरबँक वित्तसंस्थेत, म्हणजे सगळे जिला एनबीएफसी म्हणतात तिथे. टेबलं तिन्हीकडे जवळपास तीच. ग्राहक, कर्जखातं, हप्त्यांचं वेळापत्रक, तारण, जामीनदार, जमा-नावे. त्यामुळे तुलना बहुतेकदा पगाराच्या आकड्यावर येऊन थांबते.

मी आधी आयटी कंपनीतून बँकांचं काम केलं आणि नंतर बँकेच्या कर्जविभागाकडे आलो. एनबीएफसी मी शेजारून पाहिली आहे. को-लेंडिंगमधल्या, म्हणजे बँक आणि एनबीएफसीने मिळून दिलेल्या कर्जांच्या फाइली आमच्याकडे येतात, तिथल्या मंडळींशी सतत बोलणं असतं. एवढ्यावरून माझं मत असं झालं आहे की या पेशात पुढे टिकायला टेबलातल्या ओळीचा अर्थ कळावा लागतो, आणि तो अर्थ सांगणारी माणसं या तीन ठिकाणी तुमच्यापासून वेगवेगळ्या अंतरावर बसतात. पगाराआधी ते अंतर मोजा.

आधी कामाचा गाभा

कर्जविभागासाठी लिहिलेल्या बहुतेक कोडच्या मुळाशी एकच प्रश्न असतो. या कर्जदाराने आजपर्यंत किती भरायला हवं होतं, किती भरलं, आणि उरलेलं किती दिवसांपासून थकलं आहे? वजाबाकी सोपी दिसते. अडचण दिवस मोजण्यात आहे.

९० दिवसांपेक्षा जास्त थकलेलं मुदतकर्ज एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, हा निकष मार्च २००४ अखेरपासून लागू आहे. त्याआधीच्या धोक्याच्या इशाऱ्याच्या पायऱ्या म्हणजे एसएमए-०, एसएमए-१ आणि एसएमए-२, प्रत्येकी ३० दिवसांच्या. १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने हे दिवस कसे मोजायचे याचं उदाहरणच घालून दिलं. हप्त्याची तारीख ३१ मार्च २०२१. त्या दिवसाच्या डे-एंडपर्यंत, म्हणजे दिवसअखेरीच्या प्रक्रियेपर्यंत, पूर्ण पैसे आले नाहीत, तर थकबाकीची तारीख ३१ मार्चच धरायची. पुढे ३० एप्रिलच्या डे-एंडला खातं एसएमए-१, ३० मेच्या डे-एंडला एसएमए-२, आणि २९ जूनच्या डे-एंडला एनपीए. आता समजा एखाद्याने दिवसांऐवजी महिने मोजले, ॲड-मंथ्स लावून तीन महिने पुढे गेला आणि ती तारीख उलटल्यावर शिक्का मारला. त्याच्या हिशेबात हे खातं ३० जूनला चांगलंच राहतं. तिमाहीचे आकडे त्याच दिवशी बंद होतात. एका फंक्शनच्या निवडीमुळे बँकेचा जाहीर झालेला एनपीए खोटा ठरू शकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे, वर्गीकरण कर्जदाराचं होतं, खात्याचं नाही. एकाच माणसाचं गृहकर्ज वेळेवर चालू आहे आणि ट्रॅक्टरचं कर्ज थकलं, तर त्याच बँकेतली त्याची सगळी कर्जं एनपीए होतात. त्यामुळे 'हा तोच माणूस आहे का' हा प्रश्न डेटाबेसवाल्याच्या गळ्यात पडतो. पॅन दोन्हीकडे असेल तर सुटलो. नसेल तर सातबाऱ्यावरचं नाव एका क्रमाने, आधारवरचं दुसऱ्या क्रमाने, एका शाखेत 'बाळासाहेब' आणि दुसऱ्या शाखेत कागदावरचं मूळ नाव. जन्मतारखेच्या रकान्यात १ जानेवारी किंवा १ जून भरलेली माणसं जुन्या डेटात इतकी असतात की तारखेवरून जुळणी करायला मन धजत नाही.

पीककर्जाला ९० दिवसांचा नियमही लागू नाही. कमी मुदतीच्या पिकांसाठी दोन हंगाम, दीर्घ मुदतीच्या पिकांसाठी एक हंगाम थकबाकी राहिली की खातं एनपीए. म्हणजे टेबलात पीक कोणतं आणि हंगाम कोणता हे नीट नोंदलेलं हवं. शाखेत कर्जवाटपाच्या गर्दीत तिथे पुष्कळदा 'इतर' निवडलेलं असतं.

हे सगळं तुम्हाला कोण शिकवणार, यावरून तिन्ही जागांतला फरक सुरू होतो.

बँकेत: अर्थ सांगणारा माणूस एका मजल्यावर

बँकेच्या स्वतःच्या आयटी विभागात बसलात तर कर्जविभागाचा, पतनिरीक्षणाचा आणि वसुलीचा अधिकारी एका फोनच्या अंतरावर असतो. काम कागदावर येण्याआधी तुमच्या कानावर येतं. मला हा सर्वांत मोठा फायदा वाटतो. बांधकाम चालू असलेल्या घराचं कर्ज टप्प्याटप्प्याने का दिलं जातं, प्रत्येक टप्प्यानंतर वेळापत्रक का बदलतं, ताबा मिळेपर्यंत फक्त व्याज का घेतात, हे मंजुरीपत्र हातात घेऊन कुणी समजावलं की ते टेबल पुन्हा कधी परकं वाटत नाही. कॅश क्रेडिटचं, म्हणजे धंद्यासाठी मर्यादेपर्यंत लागेल तसे पैसे उचलायचं खातं पाहताना तर हे फारच लागतं. तिथे हप्ताच नसतो. मंजूर मर्यादा, तारणावरून निघणारी उचलक्षमता, स्टॉक स्टेटमेंट किती जुनं, सलग ९० दिवसांत खात्यात जमा झाली का, आणि झाली तर ती लावलेल्या व्याजाइतकी तरी आहे का, असे चार-पाच निकष एकत्र लावावे लागतात. कागदावरच्या रिक्वायरमेंटमधून हे कळायला वर्ष जातं.

एक गोष्ट लक्षात घ्या. १४ सप्टेंबर २०२० च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने एनपीए ओळखणं, उत्पन्न धरणं आणि तरतूद काढणं हे सगळं प्रणालीतूनच व्हायला हवं असं सांगितलं आणि ३० जून २०२१ ची मुदत दिली. हाताने बदल करायचाच असेल तर तो अपवाद म्हणून, किमान दोन पातळ्यांच्या मंजुरीने आणि नोंद ठेवून. शाखाधिकाऱ्याच्या हातातला निर्णय त्या दिवसापासून डे-एंडच्या बॅचमध्ये गेला. ही बॅच लिहिणारा आणि सांभाळणारा माणूस बँकेसाठी किती महत्त्वाचा झाला, हे यावरून समजा.

असं का करावं लागलं, याचं एक उदाहरण मुंबईतलंच आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये भांडुपच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. एचडीआयएल समूहाची थकलेली कर्जं लपवण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट कर्जखाती दाखवल्याचं तपासात पुढे आलं. ठेवीदार रस्त्यावर उतरले ते आपण सगळ्यांनी पाहिलं. कर्जाच्या टेबलात खोटी ओळ असली की तिची किंमत दुसऱ्या टेबलातले ठेवीदार मोजतात. बँकेत बसून काम करताना हे विसरता येत नाही, कारण दोन्ही टेबलं तुमच्याच समोर असतात.

बँकेतल्या जागेची उणी बाजूही तितकीच खरी आहे. बहुतेक बँकांत मूळ प्रणाली बाहेरच्या कंपनीची असते: फिनॅकल, टीसीएस बँक्स, फ्लेक्सक्यूब, किरकोळ कर्जांसाठी फिनवन. तिच्या आतल्या कोडला हात लावायचा अधिकार तुम्हाला नसतो. तुमचं काम तिच्या भोवतीचं. अहवाल, जुळवाजुळव, रिझर्व्ह बँकेची विवरणपत्रं, पतमाहिती कंपन्यांना जाणारा डेटा, सीआरआयएलसीत, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या मोठ्या कर्जांच्या माहितीसाठ्यात जाणारी ५ कोटी आणि त्यावरच्या कर्जदारांची माहिती. काही बँकांत नव्या अधिकाऱ्याचा निम्मा वेळ व्हेंडरच्या मागे लागण्यात आणि ऑडिटच्या शेऱ्यांना उत्तरं देण्यात जातो. कोड लिहिणं ज्याचा श्वास आहे त्याला तिसऱ्या वर्षी गुदमरायला होतं.

आयटी कंपनीत: एका बँकेऐवजी पाच बँका

आयटी कंपनीत ओळीचा अर्थ बिझनेस ॲनालिस्टच्या कागदातून येतो. बँकेचा अधिकारी त्याला सांगतो, तो लिहितो, तुम्ही वाचता. मधे काहीतरी गळतंच. प्रॉडक्शनचा खरा डेटा तुम्हाला बहुधा दिसत नाही. नाव, पॅन, आधार झाकलेल्या प्रतीवर काम करावं लागतं, आणि ते योग्यच आहे. पण झाकलेल्या डेटात वरची 'बाळासाहेब' अडचण दिसतच नाही. यूएटीत, म्हणजे बँकेने घ्यायच्या चाचणीत सगळं हिरवं आणि पहिल्याच महिनाअखेरीला जुळणी कोसळते, त्याचं कारण पुष्कळदा इथे असतं.

मग ही जागा कशासाठी घ्यावी? एक कारण माझ्या मते वजनदार आहे. बँकेतला माणूस एकाच बँकेचे रीतिरिवाज शिकतो आणि त्यांनाच नियम समजू लागतो. आयटी कंपनीतला तीन-चार बँका पाहतो, आणि नियम कुठला व सवय कुठली हे त्याला वेगळं करता येतं.

विलीनीकरणाच्या वेळी तर आयटी कंपनीसारखी शाळा नाही. १ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया बँक बडोदा बँकेत गेल्या. १ एप्रिल २०२० ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, त्यात आंध्रा आणि कॉर्पोरेशन बँक मुंबईच्या युनियन बँकेत आल्या. १ मे २०२५ ला आपल्याकडची विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या. एकीची प्रायोजक बँक ऑफ इंडिया होती, दुसरीची बँक ऑफ महाराष्ट्र. दोन बँकांचे ग्राहक क्रमांक वेगळे, कर्जप्रकारांचे कोड वेगळे, व्याज काढायची आणि पूर्णांक करायची पद्धत वेगळी. एकीत आलेला पैसा आधी व्याजाला, दुसरीत आधी दंडाला. हे सगळं एका शनिवार-रविवारात उचलून दुसऱ्या प्रणालीत ठेवायचं आणि सोमवारी शाखा उघडली की प्रत्येक कर्जखात्याची बाकी पैशापर्यंत जुळायला हवी. जुळली नाही तर कुठे आणि का, हे शोधण्यात जे शिकायला मिळतं ते अन्यत्र मिळत नाही. असं मायग्रेशन, म्हणजे डेटाचं स्थलांतर, तुमच्या वाट्याला येणार असेल तर थोड्या कमी पगारावरही ते घ्या, असं मी सांगेन.

उलट, रोजच्या सपोर्टची जागा असेल तर दोनदा विचार करा. रात्री बॅच का अडकली ते पाहायचं, तिकीट बंद करायचं, पुढचं तिकीट. कामाचं नाव तेच राहतं, पण ओळीचा अर्थ शिकायला तिथे उसंत मिळत नाही.

पुण्यात आणखी एक प्रकार आहे, परदेशी बँकांच्या तंत्रज्ञान केंद्रांचा. बार्कलेज, डॉइश बँक, एचएसबीसी. तंत्र, शिस्त आणि पगार बहुधा चांगला. मात्र कर्जं दुसऱ्या देशांतली, नियम तिथल्या नियंत्रकांचे. इथे कमावलेलं ज्ञान भारतीय बँकेत जसंच्या तसं चालत नाही. परदेशी जायचा विचार पक्का असेल तर मात्र याहून सरळ रस्ता नाही.

एकच आदेश, तीन ठिकाणी

फरक नेमका कळावा म्हणून २०२० सालचं एक काम घेऊ. २३ ऑक्टोबरला केंद्र सरकारने कोविडकाळातल्या व्याजावरच्या व्याजासाठी सानुग्रह रक्कम देण्याची योजना जाहीर केली. १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळाचं चक्रवाढ आणि सरळ व्याज काढायचं, त्यातला फरक कर्जदाराच्या खात्यात जमा करायचा, मुदत ५ नोव्हेंबर. हप्ते पुढे ढकललेल्यांनाही द्यायचा आणि न ढकललेल्यांनाही. अट अशी की २९ फेब्रुवारीला खातं एनपीए नसावं आणि सगळ्या वित्तसंस्थांकडचं मिळून कर्ज २ कोटींच्या आत असावं. १० लाखांवर ८ टक्क्यांनी महिन्याच्या चक्रवाढीने हा फरक पावणेसातशेच्या आसपास येतो. रक्कम छोटी, खाती लाखो.

बँकेत बसलेल्या माणसाकडे हा आदेश प्रश्नांच्या रूपात आला. मधेच बंद झालेल्या खात्याचं काय? सहा महिन्यांत दर बदलला तर कोणता धरायचा? दुसऱ्या बँकेतलं कर्ज आपल्या टेबलात नाही, मग २ कोटींची मर्यादा तपासायची कशी? प्रत्येक प्रश्नाला विधी, कर्ज आणि वित्त विभागाची माणसं एका खोलीत बसून उत्तर देत होती आणि डेटाबेसवाला त्याच खोलीत हवा होता, कारण 'हे टेबलातून काढता येईल का' हे तोच सांगू शकत होता. आयटी कंपनीत तेच काम एका सूत्राच्या आणि काही फिल्टरच्या रूपात पोचलं. पण ते अनेक बँकांसाठी एकदाच आणि चोख लिहायचं होतं, वेगही लागत होता, कारण एका रात्रीच्या बॅचमध्ये सहा महिन्यांची रोजची बाकी वाचायची होती. ज्याला ती बॅच दहा तासांवरून दोन तासांवर आणण्यात आनंद वाटतो त्याची जागा तिथे आहे. ज्याला पहिल्या खोलीत बसावंसं वाटतं त्याने बँक बघावी. एनबीएफसीत दोन्ही कामं बहुधा एकाच छोट्या टीमकडे असतात.

महाराष्ट्रातल्या कर्जमुक्तीच्या याद्याही याच जातीचं काम. २०१७ च्या योजनेत दीड लाखाची मर्यादा कुटुंबाला होती, आणि बँकेच्या टेबलात 'कुटुंब' नावाचा रकाना नव्हता. २०१९ च्या योजनेत १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ मधली पीककर्जं, ३० सप्टेंबर २०१९ ची थकबाकी, २ लाखांची मर्यादा आणि आधार प्रमाणीकरण. गावात लागलेल्या यादीत नाव नसलेला शेतकरी शाखेत येऊन विचारतो तेव्हा त्याचं उत्तर कुठल्यातरी जॉइनमध्ये गळालेल्या एका ओळीत असतं. ज्याला याची आच लागते, त्याने सरकारी किंवा जिल्हा बँकेचं काम एकदा तरी करावं.

एनबीएफसी: वेग, आणि बँकांच्या आधी शिकलेलं गणित

एनबीएफसीत नवं कर्जउत्पादन काही आठवड्यांत बाजारात येतं. कर्ज मंजूर करणारी प्रणाली, हप्ते सांभाळणारी प्रणाली, वसुलीचं ॲप, सगळं एकमेकांशी एपीआयने बोलतं आणि डेटा क्लाउडवर असण्याची शक्यता बँकेपेक्षा जास्त. पोस्टग्रेस, स्पार्क, पायथन यांना इथे हात लागतो. तरुण माणसाला हे आवडतं, आणि आवडायलाच हवं.

मला मात्र वेगापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. मोठ्या एनबीएफसी १ एप्रिल २०१८ पासून इंड-एएस या हिशेबाच्या मानकांप्रमाणे अपेक्षित पतहानी, म्हणजे ईसीएल काढतात. कर्ज बुडाल्यावर तरतूद करण्याऐवजी बुडण्याची शक्यता आणि बुडाल्यास होणारा तोटा आधीच मांडायचा. यासाठी प्रत्येक कर्जाचा महिन्या-महिन्याचा इतिहास लागतो: कधी एसएमएत गेलं, कधी परतलं, तारण विकून किती मिळालं. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये मसुदा काढला आणि त्यात १ एप्रिल २०२७ ही तारीख सुचवली. म्हणजे बँकांना जे आता उभारायचं आहे ते एनबीएफसीतली माणसं कित्येक वर्षं करत आली आहेत. तिथे ईसीएलच्या डेटावर दोन-तीन वर्षं काम केलेला माणूस पुढची काही वर्षं बँकांना हवाच असणार.

वेगाची दुसरी बाजूही पाहा. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने पुण्याच्या बजाज फायनान्सला ई-कॉम आणि इन्स्टा ईएमआय कार्डवरची नवी कर्जं थांबवायला सांगितलं. कर्जदारांना की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या अटी आणि खर्च सांगणारं पत्रक न देणं हे त्यातलं मुख्य कारण होतं. मे २०२४ मध्ये हे निर्बंध उठले. ते पत्रक म्हणजे शेवटी डेटाबेसमधून निघणारे आकडेच: वार्षिक टक्केवारीत एकूण खर्च, शुल्कं, हप्ते. झपाट्याने उत्पादन काढताना नियमाचा रकाना मागे राहिला की संपूर्ण धंदा थांबतो. एनबीएफसीत जाणार असाल तर तिथे कंप्लायन्सची, म्हणजे नियमपालन पाहणारी माणसं डिझाइनच्या वेळी असतात की शेवटच्या सहीला येतात, हे विचारून घ्या.

चूक झाली तर कुणाच्या दारात

गृहकर्जाचं उदाहरण घेतो, कारण ते जवळजवळ प्रत्येक घरातलं आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची किरकोळ कर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) बाहेरच्या दराशी जोडलेली असतात आणि तीन महिन्यांत एकदा तरी दर बदलावा लागतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. ३० लाख, २० वर्षं, ७ टक्के, हप्ता २३,२५९ रुपये. दर साडेनऊ झाला आणि कर्ज अगदी नवं असेल, तर एका महिन्याचं व्याजच २३,७५० रुपये. हप्ता तसाच ठेवला तर माणूस दर महिन्याला पैसे भरतो आणि मुद्दल वाढत जातं. बऱ्याच ठिकाणी प्रणाली मुदत आपोआप लांबवत होती, आणि अशा खात्यावर ते सूत्र ऋण संख्येचा लॉगरिदम मागतं. तिथे कोड काय करतो? थांबतो, की मुदतीची कमाल मर्यादा भरून पुढे जातो?

१८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं की मुदत लांबवताना मुद्दल वाढता कामा नये, आणि कर्जदाराला हप्ता वाढवायचा की मुदत, की स्थिर दरावर जायचं, हे निवडता आलं पाहिजे. त्याच दिवशीच्या दुसऱ्या परिपत्रकाने दंडव्याज बंद करून दंडशुल्क आणलं, ज्यावर पुढे व्याज लावता येत नाही. दोन पानांचे आदेश. खाली हप्ते, जमा आणि व्याज यांची शेकडो प्रोसिजर.

अशा ठिकाणी चूक झाली तर आयटी कंपनीतल्या माणसाकडे ती डिफेक्ट म्हणून येते: क्रमांक, तीव्रता, मुदत. बँकेतल्या माणसाकडे ती ग्राहकाच्या तक्रारीच्या, बँकिंग लोकपालाच्या पत्राच्या किंवा तपासणीच्या शेऱ्याच्या रूपात येते आणि खुलासा लिहावा लागतो. बाहेरच्या कंपनीकडे काम दिलं म्हणून बँकेची जबाबदारी कमी होत नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२३ च्या आयटी आउटसोर्सिंगच्या निर्देशांत स्पष्ट आहे. पतमाहितीचंही तसंच. १ जानेवारी २०२५ पासून ती पंधरवड्याला पाठवणं सुरू झालं, आणि चुकीबद्दलची तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई. शंभर रुपयांनी बँक बुडत नाही. पण चुकीच्या ओळीमुळे ज्याचं घरकर्ज नाकारलं गेलं त्याचं काय, हा विचार बँकेत बसल्यावर टाळता येत नाही. मला हे ओझं या कामाचं वैभव वाटतं. तुम्हाला तसं वाटत नसेल तर त्यात कमीपणा नाही, पण मग बँकेत येऊ नका.

पगार, बदली, रात्री

सरकारी बँकेत स्केल-१ च्या, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीतल्या अधिकाऱ्याचा मूळ पगार मार्च २०२४ च्या करारानंतर ४८,४८० रुपयांपासून सुरू होतो. त्यावर महागाई भत्ता, घरभाडं किंवा क्वार्टर्स, आणि स्वस्त दराचं गृहकर्ज. त्या सवलतीवर प्राप्तिकर लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये कायम केलं. १ एप्रिल २०१० पासून रुजू झालेल्यांना जुनं निवृत्तिवेतन नाही, एनपीएस म्हणजे अंशदायी निवृत्तिवेतन आहे. आयटी कंपनी किंवा एनबीएफसी चांगल्या माणसाला सुरुवातीलाच याहून जास्त देऊ शकते, आणि उडी मारली की आणखी. नोकरीची शाश्वती मात्र सरकारी बँकेसारखी दोन्हीकडे नाही.

बदलीचा विचार घरच्यांसोबत बसून करा. आयटी अधिकारी सहसा मुख्यालयात किंवा आयटी केंद्रात असतो, जसं स्टेट बँकेचं सीबीडी बेलापूरला किंवा बँक ऑफ महाराष्ट्रचं पुण्यात. पण नियुक्ती भारतभर कुठेही होऊ शकते, आणि बढतीच्या वेळी सर्वसाधारण बँकिंगकडे वळायचा मोह किंवा आग्रह होतो. शाखेत दोन वर्षं घालवून पुन्हा आयटीत आलेली माणसं मी पाहिली आहेत. कर्जाची समज त्यांच्यात सगळ्यांत पक्की असते. पण त्या दोन वर्षांत तंत्र पुढे निघून जातं, हेही खरं.

रात्री तिन्हीकडे आहेत. महिनाअखेर, तिमाहीअखेर आणि ३१ मार्च घरी साजरा करायची अपेक्षा ठेवू नका.

सहकारी बँकांबद्दल थोडं

महाराष्ट्रात नागरी सहकारी बँकांची संख्या देशात सर्वाधिक आहे, शिवाय ३१ जिल्हा मध्यवर्ती बँका. तिथे टीम लहान असते, कधी एकच माणूस. कर्जमंजुरीपासून वसुलीपर्यंत सगळं एका डोळ्याखाली येतं, आणि गावाजवळ राहता येतं. पगार कमी, वरिष्ठ शिकवणारं कुणी नसण्याची शक्यता मोठी, आणि संचालक मंडळातल्या कुणाच्या नातेवाइकाचं खातं एनपीएत गेलं की फोन येतो. पहिली नोकरी म्हणून मी हे सुचवणार नाही. दहा वर्षांच्या अनुभवानंतर मात्र अशा बँकेला तुमच्यासारख्या माणसाची खरी गरज आहे.

कुणी कुठे जावं

नुकते शिकून बाहेर पडला असाल आणि कोड लिहायची भूक असेल, तर आयटी कंपनीत जा, पण प्रकल्प विचारून: कर्जांचं मायग्रेशन किंवा उत्पादनाचं मूळ काम असेल तर हो, नुसता सपोर्ट असेल तर दुसरी ऑफर येईपर्यंत थांबा. तीन-चार वर्षं झाली असतील, तर माझं झुकतं माप बँकेकडे आहे. या वयात अर्थ शिकलात तर पुढे कुठेही जाता येतं. आकडेशास्त्राची ओढ असेल, शनिवार गेला तरी चालत असेल, तर ईसीएल काढणारी मोठी एनबीएफसी बघा.

सरकारी बँकेचा विचार असेल तर कॅलेंडर हातात घ्या. आयबीपीएसच्या, म्हणजे सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या, आयटी अधिकाऱ्याच्या जागेला वयोमर्यादा सर्वसाधारणपणे २० ते ३० आहे, आरक्षित गटांना सवलत. संगणक, माहिती तंत्रज्ञान किंवा इलेक्ट्रॉनिक्सची चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी, किंवा एमसीएसारखी पदव्युत्तर पदवी चालते. नुसत्या बीसीएवर भागत नाही, त्यासोबत डीओईएसीसी या सरकारी संगणक अभ्यासक्रमाची 'बी' लेव्हल लागते. खासगी बँका आणि एनबीएफसी चाळिशीतही घेतात, सरकारी बँकेचं हे दार तिशीला बंद होतं.

मुलाखतीत शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' असं म्हणतील तेव्हा तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारा: एखाद्या खात्याला चुकीचा एनपीए लागला, तर तो दुरुस्त करायचं कोण ठरवतं, आणि त्या बैठकीला डेटाबेसचा माणूस असतो का? समोरच्याने लगेच एखादं उदाहरण सांगितलं तर तिथे शिकायला मिळेल. 'त्यासाठी आमच्याकडे प्रोसेस आहे' एवढंच उत्तर आलं तर पगार कितीही असो, आणखी एक मुलाखत द्या.